माशीच्या मेंदूचा सातबारा

पडद्यावर डावीकडे मेंदूच्या कापाचा काळापांढरा फोटो, उजवीकडे रंगीत चेतापेशी. संगणकाने दोन शेजारणी चुकून एकच समजून जोडल्यात. तपासणारा एका फांदीवर तांबडे ठिपके देतो, दुसरीवर निळे आणि बटण दाबतो. सर्व्हर त्या दोघींमधला सगळ्यात कच्चा सांधा शोधून तिथे कापतो.

मेंदूतल्या चेतापेशींचा नकाशा काढणाऱ्या प्रिन्स्टनच्या ‘फ्लायवायर’ प्रकल्पात अशा असंख्य दुरुस्त्या झाल्या. मेंदू खसखशीएवढा, एका मादी फळमाशीचा. अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात त्याचे ४० नॅनोमीटर जाडीचे सात हजारांवर काप काढले. संगणक त्यातून तारा ओढतो खरा, पण कापाला घडी पडली की तिथेच चकतो. मग माणूस लागतो. संशोधक तर बसलेच, ‘आयवायर’ या खेळातले हौशी खेळाडूही बसले. १९८६ साली एका कृमीच्या ३०२ पेशींचा नकाशा छापला गेला, तो कागदावर हातानेच जुळवलेला. इथे १,३९,२५५ पेशी आणि त्यांच्यातले पाच कोटींवर जोड. ऑक्टोबर २०२४मध्ये ‘नेचर’मध्ये हे सगळं आलं.

मला मात्र नकाशापेक्षा त्यामागचं दप्तर थोर वाटतं. त्याचं नाव ‘केव्ह’. प्रत्येक पेशीला अठरा आकडी क्रमांक, सुरुवात ७२०५७५९४०. पेशी कापली की तो क्रमांक बाद आणि दोन नवे. जमिनीचा गट फुटला की फेरफार पडतो, तसंच. पेशी ज्यांची बनते ते खालचे बारीक तुकडे सहसा हलत नाहीत, बदलते ती मालकी. जोडाची नोंदही पेशीच्या नावावर नसते, जागेवर असते. जागा ज्या पेशीकडे गेली, जोड तिचा. शेकडो लोक एकाच वेळी खाडाखोड करत असताना हिशेब चुकत नाही तो यामुळे. एरवी काल मोजलेलं आज जुळलं नसतं.

‘कोडेक्स’ ही सर्वांसाठी उघडलेली खिडकी. पेशी शोधा, कुणाशी किती जोड ते पाहा. तिथे पाचाहून कमी जोडांचं नातं सहसा धरत नाहीत. संगणकाच्या चुका गाळायला ते ठीकच, पण ही चाळण विसरून निष्कर्ष काढणाऱ्याची मला धास्ती वाटते. शिवाय हा नकाशा एकाच माशीचा.

प्रसिद्धीसाठी नकाशाची ७८३ क्रमांकाची आवृत्ती गोठवली. जुन्या लेखातला बाद क्रमांक आज केव्हला दिला, तर तो त्याचे हल्लीचे वारस काढून देतो.