खडी फुटते कशी?

मालट्रकच्या टायरमधल्या हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण 7-8 किलो असतो. दख्खनचा ताजा, घट्ट काळा पाषाण तेवढ्याच जागेवर हजार किलो सहज पेलतो. डांबराच्या थरातून खाली उतरताना तर चाकाचा दाब पसरून आणखी कमी होतो. तरीही जुना रस्ता उकरला की खालच्या थरात कोपरे झडलेली, मधोमध चिरलेली खडी सापडते. इतक्या कणखर दगडाला फोडतं कोण?

फोडतात ती शेजारच्या खड्यांची टोकं. खडीच्या थरात खडे एकमेकांना जेमतेम काही ठिपक्यांपुरते टेकतात. सगळा भार तेवढ्याच जागांतून जातो आणि तिथला दाब प्रचंड चढतो. त्यातही भाराची वाटणी समान होत नाही. ताण पडला की ध्रुवित प्रकाशात उजळणाऱ्या पारदर्शक चकत्या रचून संशोधकांनी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. वरून दाबताच काही चकत्यांच्या लखलखीत साखळ्या उमटतात. त्यांना खेटून असलेल्या कित्येक चकत्या मात्र अंधारातच राहतात, जणू भार त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही! रस्त्यात चाक पुढे सरकतं तशा या साखळ्या मोडतात आणि नव्या जुळतात.

साखळीत सापडलेला खडा वरून-खालून चिमटला जातो, तेव्हा त्याच्या पोटात आडवा ताण निर्माण होतो. दगड दाबाला खंबीर, पण ताणाला फार कमकुवत. म्हणून तो उभा चिरतो. चपटी खडी तर वाकूनच तुटते.

मग मोठा खडा आधी फुटत असेल? पुष्कळदा उलटच घडतं. बारीक खड्यांनी चहूबाजूंनी वेढलेल्या मोठ्या खड्याला अनेक टेकू मिळतात आणि भार वाटला जातो. मोजकेच टेकू लाभलेला लहान खडा फुटतो. त्याचे तुकडे पोकळ्यांत बसून नवे टेकू देतात, त्यामुळे पुढची फूट मंदावते.

पण चुरा फार झाला तर तो पाणी धरून ठेवतो आणि पावसाळ्यात थर ढिला पडतो. म्हणूनच खडीकरणात खडीचा आकार, लहान-मोठ्या खड्यांचं प्रमाण आणि दबाई काटेकोर हवी. नुसता दगड कणखर असून भागत नाही. त्याला शेजारही भरपूर लागतो.