साप जेवत नाही? मग जेवू नका देऊ!

शहापूर-मुरबाडकडे पावसाळा लागला की साप घरात येतोच. कधी पडवीत, कधी गोठ्यात, कधी भाताच्या कणगीमागे, नाहीतर थेट कोंबड्यांच्या खुराड्यात. सर्पमित्राला फोन जातो, साप पिशवीत जातो आणि जंगलात सोडेपर्यंत घरातल्या कुणाला तरी हमखास काळजी वाटते, "बिचारा उपाशी आहे, याला काय द्यायचं?" काहीही नाही. साप उपाशी राहण्यात उस्ताद आहे.

किती उस्ताद? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मार्शल मॅक्यू या अमेरिकी संशोधकाने ६२ साप जवळजवळ सहा महिने उपाशी ठेवले. त्यात अजगर होते, रॅटलस्नेक होते आणि उंदीर खाणारे बिनविषारी सापही होते. काहींनी शरीराचा रोजचा ऊर्जाखर्च ७२ टक्क्यांपर्यंत घटवला. गंमत म्हणजे पोटात कण नसताना हे साप लांबीने चक्क वाढले!

उलटी बाजूही तितकीच अजब. बर्मी अजगराने एकदा भरपेट गिळलं की दोन दिवसांत त्याचं हृदय ४० टक्क्यांपर्यंत मोठं होतं. पचन संपलं की पुन्हा पहिल्यासारखं. आपल्याला श्रीखंडपुरीनंतर नुसती झोप येते.

दुधाची वाटी बाजूला ठेवा

म्हशाच्या जत्रेतून हौसेनं आणलेली गाय एकाएकी दूध कमी देऊ लागली की आळ धामणीवर येतो. म्हणे ती गाईच्या पायांना विळखा घालून आचळाला लागते. धामणीचे दात मागे वळलेले आणि टोकदार. आचळ तोंडात धरलं तर गाय उभी राहील का? शिवाय चोखायला लागतात तसे ओठ सापाला नाहीतच. धामण गोठ्यात येते ती उंदरांसाठी.

नागपंचमीचा नाग दूध पितो, त्यामागची गोष्ट मात्र क्रूर आहे. त्याला आधी कित्येक दिवस तहानलेला ठेवतात. मग समोर आलेला कुठलाही पातळ पदार्थ तो ओढतो, दूध फुप्फुसात जातं आणि साप मरतो. तहानलेल्या सापाला पसरट भांड्यात साधं पाणी ठेवावं. एवढाच पाहुणचार पुरतो.

ताट चुकलं की उपास

अनेकदा साप रुसलेला नसतो, पानात भलतंच वाढलेलं असतं. मण्यारीला दुसरे साप आवडतात. दिवडाला मासे आणि बेडूक हवेत. गांडूळ समजून आपण ज्याला चपलेनं मारतो तो बारीकसा वाळा मुंग्यांची अंडी आणि वाळवी खातो. विदर्भात सापडणारा अंडीखाऊ साप तर पक्ष्यांच्या अंड्यांवरच जगतो. त्याच्यापुढे उंदीर नाचवून काय होणार?

बाकीची कारणं साधी आहेत. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, नीट दिसत नाही, तेव्हा साप खात नाही. थंडी पडली की खात नाही, कारण ऊब नसेल तर गिळलेलं पोटात सडतं. पोटात अंडी असली की मादी खात नाही. आणि नरांना मिलनाच्या दिवसांत जेवणाची शुद्धच नसते. बांधावर उभ्यानं एकमेकांना वेढे घालणारी ती धामणीची 'जोडी' आठवते? ज्यावर पांढरं फडकं टाकायला लोक धावतात ती? ते बहुतेक वेळा दोन नर असतात. चालू असतं ते प्रेम नव्हे, कुस्ती.

खुराड्यातला साप पकडल्यावर गिळलेलं पिल्लू ओकतो, त्यालाही कारण आहे. जड पोटानं पळता येत नाही, म्हणून ओझं टाकून द्यायचं. अशा सापाला पुन्हा खायला घालणं हा शुद्ध छळ.

सगळ्यात वाईट हाल मांडुळाचे. गुप्तधनाच्या नादी लागलेले लोक त्याचा भाव वजनावर लावतात आणि भीतीनं गारठलेलं हे जनावर पिशवीत तोंडच उघडत नाही. जितकं लपवून ठेवावं तितकं ते वाळत जातं. या धंद्याची अक्कल एवढीच!

आणि घरी पाळलेला असेल तर?

देशी साप पाळता येत नाही, अगदी बिनविषारी असला तरी. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. अजगरासारख्या पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्यासाठी किमान तीन वर्षं कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. परदेशी सापांपैकी अनेक जातींची केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा आफ्रिकेचा बॉल पायथन हा त्यातला अट्टल उपाशी. धडधाकट असूनही महिनोन्‌महिने उंदराकडे ढुंकून बघत नाही.

त्याच्यासाठी इलाज म्हणजे आधी हात आखडता घेणं. आठवडाभर त्याला उचलू नका. पेटीत दोन अंधाऱ्या लपणी ठेवा, एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला. उबदार बाजू ३१-३२ अंशांवर आहे का, ते थर्मामीटरनं बघा, हाताच्या अंदाजानं नको. मेलेला उंदीर कोमट करून तिन्हीसांजेनंतर द्या. जिवंत उंदीर रात्रभर सोडून झोपू नका, भुकेला उंदीरच सापाला कुरतडतो. तोंड उघडून घास कोंबणं तर मुळीच नको. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. वजन टिकून असेल तर निर्धास्त राहा. ते घसरत असेल, तोंडातून लाळ येत असेल किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या.

आणि शहापूर-मुरबाडच्या पडवीत शिरलेल्यासाठी? लांब उभे राहा, पोरांना आणि कुत्र्याला आत घ्या, वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री नंबर फिरवा. त्याच्या जेवणाचं त्याचं तो बघेल.