पोर्टलंडच्या संघाचा उदयकाल

सांघिक खेळातील यश एका वीराचे की साऱ्या संघाचे, हा वाद जुनाच आहे. अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाने १९७६-७७ च्या हंगामात त्याला दिलेले उत्तर आम्हांस आजही मननीय वाटते.

‘ट्रेल ब्लेझर्स’ हा संघ १९७० साली स्थापन झाला. पहिल्या सहाही हंगामांत त्याच्या पदरी विजयांहून पराभवच अधिक पडले. १९७४ मध्ये आलेला उंचापुरा बिल वॉल्टन दुखापतींनी वारंवार जायबंदी होई. १९७६ मध्ये जॅक रॅम्से प्रशिक्षक झाले, बलदंड मॉरिस लुकस संघात दाखल झाला आणि चित्र पालटले. फळीवरून परतलेला चेंडू झेलून वॉल्टन तो क्षणार्धात पुढे धावणाऱ्या सहकाऱ्याकडे फेकीत असे. गुण मग कोणाच्याही नावावर लागोत! तो खेळला त्या ६५ साखळी सामन्यांपैकी ४४ संघाने जिंकले. तो नसताना १७ पैकी अवघे ५.

अंतिम फेरीत गाठ पडली ती ज्युलियस अर्व्हिंगच्या फिलाडेल्फिया संघाशी. पहिले दोन सामने गमावूनही पोर्टलंडने पुढचे चार ओळीने जिंकले. ५ जून १९७७ रोजी १०९-१०७ अशा निसटत्या विजयाने अजिंक्यपद हाती आले.

पुढील हंगामात ६० पैकी ५० सामने जिंकल्यावर वॉल्टनचे पाऊल पुन्हा दुखावले आणि तो बहर ओसरला. वीर हवाच, परंतु इतरांना मोठे करण्यातच त्याचे मोठेपण असते, हेच या उदयकालाचे सार आम्ही मानतो.