वादळवाऱ्यात राखणीच्या कुत्र्याचे संरक्षण

शेतावरील आखाड्याची राखण करणारा कुत्रा हा शेतकऱ्याचा बिनपगारी जागल्याच होय. रानडुकरे व रोही यांच्यापासून उभ्या पिकाचे आणि चोरांपासून अवजारांचे रक्षण करण्यात त्याचा मोठा वाटा असतो. परंतु आभाळ भरून आले म्हणजे बैल गोठ्यात जातात, शेतमालावर ताडपत्री पडते आणि कुत्रा मात्र साखळीसह झाडाखाली राहून जातो. नैसर्गिक आपत्तीनंतरच्या शासकीय मदतीच्या निकषांत दुधाळ व ओढकामाची जनावरे, शेळ्यामेंढ्या व कोंबड्या येतात. कुत्रा येत नाही. म्हणून त्याची काळजी धन्यानेच घेणे अगत्याचे आहे.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव व औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत उन्हाळ्याच्या अखेरीस वळवाच्या पावसाबरोबर, तसेच परतीच्या पावसात सोयाबीनच्या काढणीच्या सुमारास विजांचा कडकडाट होतो. ही वादळे बहुधा दुपारनंतर येतात. क्वचित रब्बी हंगामातही संकट ओढवते. सन २०१४ च्या फेब्रुवारीअखेर व मार्चमध्ये मराठवाड्यात झालेली गारपीट अनेकांच्या स्मरणात असेल.

विजेचा धोका

वीज झाडावर पडली म्हणजे ती बुंध्यातून जमिनीत उतरते व चोहोकडे पसरते. बुंध्यापासून जसजसे दूर जावे तसतसा जमिनीतील विजेचा दाब कमी होतो. चार पायांवर उभ्या असलेल्या जनावराच्या पुढच्या व मागच्या पायांखाली हा दाब निरनिराळा असतो. त्यामुळे विजेचा प्रवाह एका टोकाच्या पायांतून शिरून छातीतून दुसऱ्या टोकाकडे जातो आणि हृदय बंद पडते. म्हणजेच प्रत्यक्ष अंगावर वीज न पडताही जनावर दगावते. कडुनिंबाच्या वा आंब्याच्या बुंध्याला लोखंडी साखळीने कुत्रा बांधणे किती घातक आहे, हे यावरून ध्यानात येईल. तारेच्या कुंपणालाही त्याला बांधू नये, कारण दूरवर पडलेली वीज तारेतून वाहत येऊ शकते.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर असा हिशेब आहे. हे अंतर ३० सेकंद किंवा त्याहून कमी भरल्यास वीज आपल्या टापूत आली असे समजून कुत्र्यासह पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाईलवरील साधनही विजेची पूर्वसूचना देते.

उघड्या बाजूंच्या आखाड्यात पावसापासून निवारा मिळतो, विजेपासून नाही. वाऱ्याने त्यावरील पत्रे उडून इजा होण्याचेही भय असते. म्हणून ढग जमू लागताच कुत्र्यास गावातील घरी आणावे. ते शक्य नसल्यास निदान साखळी सोडून द्यावी. मात्र विजा चमकू लागल्यावर कुत्र्याला आणण्यासाठी कोणीही शेताकडे धावू नये. माणसाचा जीव प्रथम.

भीती व तिचा उपाय

कुत्र्याची श्रवणशक्ती माणसापेक्षा तीक्ष्ण असते. गडगडाटाने तो थरथरतो, धापा टाकतो, कोपऱ्यात दडतो किंवा वाट फुटेल तिकडे पळत सुटतो. बांधलेला असल्यास साखळीला हिसके देऊन गळफास बसण्याचा संभव असतो. अशा वेळी त्याला आतल्या खोलीत गोणपाटावर मोकळे ठेवावे, दारे-खिडक्या लावाव्यात व शांतपणे जवळ बसावे. मारणे, ओरडणे किंवा लपलेल्या जागेतून ओढून काढणे यांमुळे भीती वाढते. घाबरलेला इमानी कुत्राही चावा घेऊ शकतो, म्हणून मुलांना दूर ठेवावे. माणसांची झोपेची औषधे त्याला देऊ नयेत. भीती फारच असल्यास पावसाळ्यापूर्वीच पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

पूर व त्यानंतरची काळजी

कयाधू, पूर्णा व पैनगंगा यांच्या काठच्या शेतांत पाणी चढू लागल्यास कुत्र्यास बांधलेला सोडून जाणे म्हणजे त्यास बुडविणेच होय. त्याला बरोबर न्यावे; ते अशक्य असल्यास साखळी काढून मोकळा करावा. गळपट्ट्यावर धन्याचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असल्यास हरवलेला कुत्रा परत मिळणे सोपे जाते.

भिजलेल्या कुत्र्याचे अंग कोरड्या गोणपाटाने पुसून त्यास उबेत ठेवावे. साचलेले पाणी पिऊ देऊ नये, कारण उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग होतो व तो माणसांनाही जडतो. तुटून पडलेल्या विजेच्या तारांपासून आणि बिळांत पाणी शिरल्याने बाहेर पडलेल्या सापांपासून सावध राहावे.

पिसाळ रोगाची प्रतिबंधक लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याप्रमाणे नियमित टोचून घ्यावी. पळालेल्या कुत्र्याची भटक्या कुत्र्यांशी झोंबी होते, तेव्हा हीच लस त्याचे व घरातील माणसांचे रक्षण करते. कोणास चावा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ दवाखान्यात जावे.

या उपायांना खर्च नाममात्र आहे. वर्षभर रात्री जागून आपले शिवार राखणाऱ्या मुक्या प्राण्यासाठी, पहिला ढग दिसताच साखळी सोडण्याइतकी तत्परता प्रत्येक शेतकरी बंधूने दाखवावी.