टोमॅटोचा उन्हाळी बंदोबस्त

चैत्र-वैशाखात नारायणगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या शिवारात तारकाठीवर चढलेला टोमॅटो पाने हिरवीगार असतानाही फुले टाकू लागला, म्हणजे खताला नाहीतर रोपवाटिकेला बोल लावण्याचा प्रघात आहे. परंतु खरा अपराधी बहुधा उष्मा, आणि तोही दिवसाइतकाच रात्रीचा असतो. फूल उमलण्याच्या आठ-दहा दिवस आधी, कळी मिटलेली असतानाच, तिच्या परागकोशांत पराग घडत असतात. त्या नाजूक काळात दुपार ३५ अंशांवर गेली आणि रात्रही पुरेशी निवली नाही, तर परागांच्या पोषणाला लागणाऱ्या शर्करेचा पुरवठा विस्कटतो आणि वरून निर्दोष दिसणारे फूल आतून वांझ निघते. अशा फुलाचा देठ सांध्यापाशी पिवळा पडतो आणि बोट लागताच फूल हातात येते.

फुलगळीवर ऑक्सिन वर्गातील संजीवके फवारण्याचा उपाय जुना आहे. त्याने फळ धरते, पण पराग सुधारत नाहीत. फळ बीजहीन, क्वचित पोकळही निघते. याला उष्णतासहिष्णुता म्हणणे म्हणजे सारा माफ झाला म्हणून जमीन सुपीक झाली, असे मानण्यासारखे आहे.

सॅलिसिलिक आम्लाची गोष्ट निराळी. ॲस्पिरिनचे हे सगोत्र द्रव्य वनस्पती स्वतःच तयार करतात, आणि आपल्या नदीकाठच्या वाळुंजाच्या कुळात ते विशेष प्रसिद्ध आहे. त्याची सौम्य फवारणी झाडाला संकटाची आगाऊ वर्दी देते, त्यामुळे पेशींची नासाडी आवरणारी विकरे आधीच कामाला लागतात. मात्रा चढली, तर मात्र झाडाची वाढच खुंटते.

जपानमधील रिकेन या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याहून चमत्कारिक वाटावा असा आहे. त्यांनी टोमॅटोच्या रोपांना इथेनॉलची, म्हणजे मद्यार्काचीच, आळवणी केली. प्रमाण हजार भाग पाण्यात जेमतेम एक भाग, तेव्हा अबकारी खात्याने दचकण्याचे कारण नाही. नंतर कडक उष्णता दिली असता त्या रोपांची पाने आणि फळे तुलनेने बरीच बचावली. मात्र ही आळवणी उष्णतेच्या आधी केलेली होती, आणि रोपे होती मायक्रो-टॉम नावाच्या, कुंडीत मावणाऱ्या बुटक्या वाणाची. तारेवर पुरुषभर चढणाऱ्या, महिनोन् महिने तोडा देणाऱ्या पिकाला ती कितीदा द्यावी लागेल आणि तिचा खर्च क्रेटमागे परवडेल काय, याचा हिशेब शेतातच व्हायला हवा.