यमक जुळलं की पोर खुललं!

चित्रांचं आणि यमकांचं पुस्तक मनातल्या मनात वाचलं, तर त्याची निम्मी मजा गेलीच म्हणून समजा. ही पुस्तकं लिहिली जातात ती कानांसाठी. त्यांच्या या काही भन्नाट गोष्टी.

इंजिनाने दिला ठेका: १९३६ मध्ये युरोपहून बोटीने परतताना थिओडोर गाइझेल, म्हणजेच 'डॉ. स्यूस', यांच्या डोक्यात बोटीच्या इंजिनाची लय घुमत राहिली. त्याच लयीवर त्यांचं पहिलं बालपुस्तक बेतलं गेलं आणि १९३७ मध्ये छापून आलं. तिकडे रशियात कॉर्नेई चुकोव्स्की आजारी मुलाला घेऊन आगगाडीने निघाले होते. त्याचं रडं थांबवायला त्यांनी गाडीच्या ठेक्यावर मगरीची गोष्ट रचायला घेतली. ती पुढे देशभर गाजली.

पैज पन्नासची: फक्त ५० वेगवेगळे शब्द वापरून पुस्तक लिहून दाखवा, अशी ५० डॉलरची पैज प्रकाशक बेनेट सर्फ यांनी स्यूस यांच्याशी लावली. १९६० मध्ये 'ग्रीन एग्ज अँड हॅम' आलं आणि स्यूस पैज जिंकले!

वाघ आउट, ग्रफलो इन: ज्युलिया डोनाल्डसन एका चिनी कथेवरून वाघाची गोष्ट लिहीत होत्या, पण वाघाला काही यमक सापडेना. मग त्यांनी यमकात चपखल बसेल असा प्राणीच निर्माण केला. 'द ग्रफलो' १९९९ मध्ये आलं. त्याची चित्रं अॅक्सेल शेफलर यांची.

पोटातले श्रोते: अमेरिकेतल्या एका प्रयोगात गरोदर स्त्रियांनी शेवटच्या काही आठवड्यांत ठरावीक उतारा रोज मोठ्याने वाचला. त्यात स्यूस यांचं 'द कॅट इन द हॅट'ही होतं. नवजात बाळांनी नव्या उताऱ्यापेक्षा ओळखीचा उतारा ऐकणंच पसंत केलं! हे संशोधन १९८६ मध्ये प्रसिद्ध झालं.

शब्दही त्यांचे, चित्रंही त्यांचीच: बंगालीतल्या 'आबोल ताबोल'च्या धमाल कविता आणि चित्रं दोन्ही सुकुमार राय यांची. सप्टेंबर १९२३ मध्ये ते गेले आणि अवघ्या काही दिवसांनी पुस्तक बाहेर पडलं. ते आजही बंगाली घराघरांत वाचलं जातं.

ज्ञानपीठवाले बालकवी: आपल्या विंदा करंदीकरांनी 'एटू लोकांचा देश', 'राणीची बाग', 'परी ग परी' अशी एकाहून एक बालकवितांची पुस्तकं दिली. मुलांसाठी लिहिणं हे दुय्यम काम नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

गाणी आज, वाचन उद्या: तिसऱ्या वर्षी ज्यांना बडबडगीतं चांगली येत होती, त्या मुलांना पुढे शब्दांतले ध्वनी ओळखणं सोपं गेलं, असं १९८७ च्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं. वाचायला शिकण्याचा पाया तोच.

आता करून बघा. ओळीतल्या शेवटच्या शब्दाआधी थांबा, बोट चित्रावर ठेवा आणि मुलाकडे पाहा. तो शब्द तेच ओरडून सांगेल. चुकीचा सांगितला, तरी बहुतेक वेळा यमक जुळलेलं असेल! तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं, तरी कंटाळू नका. आज रात्री एक पुस्तक काढा आणि अगदी खणखणीत आवाजात वाचा!