अ‍ॅप वापरता वापरता बंद पडतंय? दोष रॅमचा नसेल, ‘मेमरी लीक’ असेल!

समजा, तुम्ही चांद्याहून हिंजवडीला निघालात आणि मोबाईलवर मॅपचं अ‍ॅप सुरू आहे. पहिली दहा मिनिटं सगळं झकास. मग स्क्रीन अडखळायला लागते आणि अ‍ॅप धाडकन बंद! आपण लगेच म्हणतो, “रॅम कमी पडते, नवा फोन घ्यायला हवा.” जरा थांबा. उघडल्यावर नीट चालणारं अ‍ॅप हळूहळू जड होत जात असेल, तर आधी संशय कोडवर घ्या.

अँड्रॉइडवर कोटलिन किंवा जावात लिहिलेल्या अ‍ॅपची नको असलेली मेमरी ‘गार्बेज कलेक्टर’ आपोआप मोकळी करतो. पण ज्या वस्तूला कुणीतरी अजून धरून ठेवलंय, तिला तो हात लावत नाही. घोळ इथेच होतो. फोन आडवा केला की अँड्रॉइड सहसा जुनी अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे अ‍ॅपचं ते पान, मोडून नवी बनवतं. लोकेशनसाठी लावलेला लिसनर काढायचा राहिला, तर तो जुन्या पानाला धरून बसतो. फोन सात वेळा फिरवला की सात जुनी पानं चित्रांसकट मेमरीत पडून! प्रत्येक अ‍ॅपला मेमरीची मर्यादा असते. ती संपली की ‘आउट ऑफ मेमरी एरर’.

नवखे डेव्हलपर इथे हमखास फसतात. क्रॅश लॉगमधली ओळ बहुतेक वेळा शेवटी मेमरी मागणाऱ्याची असते, अडवून बसलेल्याची नाही. गच्च भरलेल्या पीएमपीएमएलमध्ये शेवटी चढणाऱ्यालाच ओरडा बसतो ना, तसं. मग बिचारे फोटोंचा आकार कमी करतात. क्रॅश थोडा उशिरा येतो, एवढंच.

खरा मार्ग म्हणजे ‘हीप डम्प’, मेमरीत त्या क्षणी काय काय आहे त्याची नोंद. संशयित पान पाच-सहा वेळा उघडून बंद करा, अँड्रॉइड स्टुडिओच्या प्रोफायलरमधून गार्बेज कलेक्शन चालवा आणि डम्प घ्या. बंद केलेलं पान अजून त्यात दिसतंय? मग त्याला कोण धरून आहे, ती साखळी बघा. स्क्वेअर कंपनीने २०१५ मध्ये आणलेली मोफत ‘लीककॅनरी’ लायब्ररी ही साखळी स्वतःच शोधून दाखवते. दुरुस्ती बऱ्याचदा एका ओळीची असते: पान बंद होताना लिसनर काढून टाका.

तुम्ही नुसते वापरणारे असाल, तर ‘रॅम क्लीनर’च्या नादी लागू नका, तो दुसऱ्या अ‍ॅपचं कोड दुरुस्त करू शकत नाही. ‘फोर्स स्टॉप’ने तात्पुरता आराम मिळेल. रिव्ह्यूमध्ये मात्र “बकवास अ‍ॅप” एवढंच न लिहिता कोणत्या पानावर, किती मिनिटांनी आणि काय करताना बंद पडलं ते लिहा. डेव्हलपरला डम्प कुठे घ्यायचा, ते त्यावरूनच कळतं.